डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे घेऊन परदेशी जाताना : नियम, कागदपत्रे आणि घ्यावयाची दक्षता

रायपूर : भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशाच्या विमानतळावर गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते. एखाद्या देशात सामान्य वेदनाशामक मानली जाणारी गोळी दुसऱ्या देशात अमली पदार्थांच्या यादीत असते आणि हा भेद ठाऊक नसणे हा कायद्यापुढे बचाव ठरत नाही. उच्च शिक्षण, नोकरी, तीर्थयात्रा अथवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडील मुक्काम या निमित्तांनी नियमित औषधे सोबत नेणाऱ्यांनी तिकीट काढतानाच औषधांचाही विचार करणे त्यामुळे आवश्यक ठरते.

छत्तीसगडच्या राजधानीत मराठी भाषकांची वस्ती भोसलेकालापासून आहे. येथील अनेक कुटुंबांतील पुढची पिढी आता आखाती देश, सिंगापूर, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहे. रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून निघणारे प्रवासी बहुधा मुंबई, दिल्ली, हैदराबाद किंवा कोलकाता येथे विमान बदलून परदेशी जातात आणि पुढे दुबई, दोहा वा सिंगापूर येथे आणखी एकदा थांबतात. प्रवासाच्या अशा प्रत्येक टप्प्यावर लागू होणारा कायदा वेगळा असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

दोन प्रकरणांचा धडा

२०१७ च्या अखेरीस एका ब्रिटिश महिलेला इजिप्तच्या हुरघाडा विमानतळावर अटक झाली. तिच्या सामानात ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या २९० गोळ्या होत्या. ब्रिटनमध्ये हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. इजिप्तमध्ये मात्र व्यसनाच्या प्रादुर्भावामुळे त्यावर कडक निर्बंध आहेत. पाठदुखीने त्रस्त जोडीदारासाठी गोळ्या नेल्याचे तिचे म्हणणे न्यायालयाने ग्राह्य धरले नाही आणि तिला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. २०१९ च्या जानेवारीत तिची सुटका झाली.

त्यापूर्वी जून २०१५ मध्ये जपानमधील एका आघाडीच्या मोटार कंपनीच्या अमेरिकी वरिष्ठ अधिकारी महिलेला टोकियोत अटक झाली होती. अमेरिकेतून टपालाने मागविलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या गोळ्या आढळल्या होत्या. पुढे आरोपपत्राविना त्यांची मुक्तता झाली, तथापि तोवर त्यांना पदाचा राजीनामा द्यावा लागला होता.

या दोन्ही प्रकरणांतील औषधे कोणत्याही मोठ्या रुग्णालयात नित्य वापरली जाणारी आहेत. पहिल्या प्रकरणात औषध दुसऱ्या व्यक्तीसाठी नेले होते आणि दुसऱ्यात ते पार्सलने आले होते. औषध स्वतःसाठी, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीसह आणि स्वतःच्या सामानात असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

कायद्याची चौकट

नियंत्रित औषधांबाबत संयुक्त राष्ट्रांचे दोन प्रमुख करार आहेत. १९६१ चा करार मॉर्फिन, कोडीन, फेंटॅनिल यांसारख्या अमली औषधांविषयी आहे, तर १९७१ चा करार झोपेच्या, चिंताशामक व उत्तेजक औषधांसारख्या मनःप्रभावी द्रव्यांविषयी. आंतरराष्ट्रीय प्रवाशाला वैयक्तिक वापरासाठी अल्प प्रमाणात अशी औषधे नेण्याची मुभा सदस्य देश देऊ शकतात, असे १९७१ च्या कराराच्या चौथ्या अनुच्छेदात नमूद आहे. ती औषधे कायदेशीर मार्गाने मिळविली आहेत का, याची खातरजमा करण्याचा अधिकारही त्याच अनुच्छेदाने देशांना दिला आहे. मुभा द्यावी की नाही आणि किती प्रमाणात द्यावी, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ प्रवाशांसाठी देशनिहाय नियमांचे संकलन आपल्या संकेतस्थळावर उपलब्ध करून देते. ज्या देशात जायचे आहे, त्या देशाचा दूतावास आणि हे संकलन ही चौकशीची पहिली दोन ठिकाणे होत.

भारतात १९८५ चा अमली औषधे व मनःप्रभावी पदार्थ कायदा लागू आहे. त्याखालील नियमांनुसार रुग्ण स्वतःच्या उपचारासाठी मनःप्रभावी औषधाच्या एका वेळी १०० मात्रांपर्यंत साठा बाळगू शकतो. दीर्घकालीन उपचार सुरू असतील आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहून दिले असेल, तर ही मर्यादा ३०० मात्रांपर्यंत जाते. ट्रामाडॉल हे औषध एप्रिल २०१८ मध्ये या कायद्याच्या कक्षेत आले. अमली औषधांच्या आयात-निर्यातीच्या परवानग्या ग्वाल्हेर येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडून दिल्या जातात. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन वा फेंटॅनिल घेणाऱ्या रुग्णांनी प्रवासापूर्वी या कार्यालयाकडे चौकशी करणे उचित ठरते.

आपले औषध कोणत्या गटात मोडते?

औषधाच्या वेष्टनावरून याचा प्राथमिक अंदाज येतो. भारतात अनुसूची ‘एच’मधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची ‘एच-१’मध्ये अनेक प्रतिजैविकांसह अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल आणि कोडीन यांचा समावेश आहे. या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. अनुसूची ‘एक्स’मधील औषधांसाठी दोन प्रतींत चिठ्ठी द्यावी लागते. लक्ष केंद्रित न होण्याच्या विकारावर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट याच गटात येते.

साधारणपणे पुढील प्रकारच्या औषधांबाबत अधिक दक्षता घ्यावी :

• तीव्र वेदनाशामके : ट्रामाडॉल, मॉर्फिन, फेंटॅनिल, ऑक्सिकोडोन, टॅपेंटाडॉल.
• कोडीनयुक्त खोकल्याची औषधे.
• झोपेच्या व चिंताशामक गोळ्या : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम.
• अपस्मारावरील फेनोबार्बिटोन.
• मज्जातंतूंच्या वेदनांवरील प्रेगाबालिन. मधुमेहींना पायांच्या जळजळीसाठी भारतात हे औषध सर्रास दिले जाते. काही आखाती देशांत मात्र ते नियंत्रित आहे.
• उत्तेजक औषधे आणि स्यूडोएफेड्रिनयुक्त सर्दीच्या गोळ्या.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकारावरील बहुतेक नियमित औषधे या यादीत येत नाहीत. त्यांच्याबाबत प्रश्न उरतो तो मुख्यत्वे प्रमाणाचा आणि कागदपत्रांचा.

देशोदेशीचे नियम

संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधे नेण्यासाठी तेथील आरोग्य यंत्रणेची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. दुबईत केवळ विमान बदलण्यासाठी थांबणाऱ्या प्रवाशालाही तेथील कायदा लागू होतो. अंतिम मुक्काम लंडनला असला, तरी मार्गातील थांब्याचे नियम पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

हज, उमरा अथवा नोकरीसाठी सौदी अरेबियात जाणाऱ्यांना अमली व मनःप्रभावी औषधांसाठी तेथील अन्न व औषध प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवरून मंजुरी घ्यावी लागते. प्रमाणाची मर्यादा ३० दिवस किंवा प्रत्यक्ष मुक्काम, यांपैकी जे कमी असेल ती आहे.

सिंगापूरमध्ये वैयक्तिक वापराची औषधे कमाल तीन महिन्यांची नेता येतात. नियंत्रित घटक असलेल्या औषधांसाठी ठरावीक मर्यादेपलीकडे तेथील आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. त्यासाठीचा अर्ज प्रवासाच्या पुरेसा आधी करावा लागतो.

जपानचे नियम विशेष कडक आहेत. अँफेटामिन वर्गातील उत्तेजक औषधे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधेही निषिद्ध आहेत. चिठ्ठीवरील सामान्य औषधे एक महिन्यापेक्षा अधिक काळासाठी न्यायची असल्यास ‘युन्यू काकुनिन-शो’ हे आयात प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. अमली वर्गातील वेदनाशामकांसाठी तेथील नार्कोटिक्स नियंत्रण विभागाची स्वतंत्र लेखी परवानगी लागते.

ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधे नेताना ती आपल्यालाच दिली असल्याचे डॉक्टरांचे पत्र जवळ असावे लागते. त्यात प्रवाशाचे नाव, प्रवासाच्या तारखा, औषधांची नावे, मात्रा व प्रमाण आणि डॉक्टरांची स्वाक्षरी अपेक्षित असते. साठा तीन महिने वा त्याहून अधिक काळाचा असल्यास परवाना घ्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियात प्रवाशाला तीन महिन्यांपर्यंतची औषधे इंग्रजी चिठ्ठी वा पत्रासह नेता येतात आणि आगमनाच्या वेळी भरावयाच्या पत्रकात त्यांची नोंद करावी लागते. न्यूझीलंडमध्ये सामान्य औषधांसाठी तीन महिन्यांची, तर नियंत्रित औषधांसाठी एक महिन्याची मर्यादा आहे. कॅनडात उपचाराचा एक क्रम किंवा ९० दिवसांचा साठा, यांपैकी जे कमी असेल तेवढे नेता येते.

सहा महिन्यांचा मुक्काम, तीन महिन्यांची औषधे

मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. पर्यटक म्हणून तेथे बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहण्याची अनुमती मिळते, तर सोबत न्यावयाच्या औषधांचे सर्वसाधारण प्रमाण सुमारे ९० दिवसांचे मानले जाते. रोज चार गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या १८० दिवसांच्या गोळ्या ७२० होतात. एवढा साठा पाहून अधिकाऱ्याला तो विक्रीसाठी असल्याची शंका येणे अस्वाभाविक नाही.

९० दिवसांपेक्षा अधिक काळ राहणाऱ्या परदेशी नागरिकांना उर्वरित औषधे नंतर मागविण्याची वाट अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने खुली ठेवली आहे. अशा पार्सलसोबत पारपत्र व व्हिसाची प्रत, डॉक्टरांचे पत्र आणि चिठ्ठीची प्रत जोडावी लागते. नियंत्रित औषधांसाठी मात्र हा मार्ग अवलंबू नये. तेथे पोहोचल्यावर स्थानिक डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घेणे हा दुसरा पर्याय आहे. त्यासाठी प्रवासी आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे की नाही, हे विमा काढतानाच पाहावे.

कागदपत्रे कशी असावीत?

चिठ्ठीवर औषधाचे रासायनिक अर्थात जेनेरिक नाव असणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण भारतीय व्यापारी नावे परदेशी अधिकाऱ्याला अपरिचित असतात. औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, अशी तरतूद भारतीय वैद्यकीय आचारसंहितेत २०१६ पासून आहे. रुग्णाने ती आग्रहाने मागावी.

चिठ्ठीसोबत डॉक्टरांच्या छापील नाममुद्रेच्या कागदावर इंग्रजी पत्र घ्यावे. त्यात रुग्णाचे पारपत्रावरील नाव जसेच्या तसे, आजाराचे निदान, प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, दिवसातून घेण्याच्या वेळा, मुक्कामासाठी लागणारी एकूण संख्या आणि डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेतील नोंदणी क्रमांक असावा. ज्यांना सुया, इन्सुलिन पेन, नेब्युलायझर अथवा श्वसनयंत्र सोबत न्यायचे आहे, त्यांनी त्याचाही उल्लेख करून घ्यावा. पत्रावर अलीकडची तारीख असावी. वर्षभरापूर्वीची मळकी चिठ्ठी कुणाचीही खात्री पटवीत नाही.

औषधे मूळ वेष्टनातच ठेवावीत. औषधांच्या दुकानात पट्टी कापून पाच-दहा सुट्या गोळ्या देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. अशा तुकड्यावर औषधाचे नाव किंवा समाप्तीची तारीख राहत नाही. प्रवासासाठी पूर्ण पट्ट्या आणि रुग्णाच्या नावाचे बिल घ्यावे. सकाळ-दुपार-रात्रीच्या कप्प्यांची डबी घरी सोयीची असली, तरी प्रवासात ती रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरावी.

सिकलसेल रुग्णांसाठी

छत्तीसगड आणि विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर हा पट्टा सिकलसेल आजाराच्या दृष्टीने संवेदनशील मानला जातो. रायपूर येथे या आजारासाठी स्वतंत्र संस्था कार्यरत असून, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाला. या रुग्णांना नियमित हायड्रॉक्सियुरियासोबत वेदनेच्या तीव्र आवेगात ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखी औषधे लागू शकतात. जी गोळी संकटसमयी हाताशी हवी, तिच्यामुळेच विमानतळावर अडचण होण्याची शक्यता असते.

अशा रुग्णांनी नियंत्रित औषधाची परवानगी आधी मिळवावी. ती न मिळाल्यास गंतव्य देशात चालणारा पर्याय आणि तेथील रुग्णालयाचा पत्ता उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. नियंत्रित नसलेली औषधे आणि निदानाचा अहवाल सोबत असावा. विमानात पाणी भरपूर प्यावे, थंडीपासून बचाव करावा आणि लांबच्या प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आयुर्वेदिक औषधे आणि खसखस

‘आयुर्वेदिक आहे, त्याला काय अडचण?’ हा समज महागात पडू शकतो. काही शास्त्रोक्त कल्पांत विजया म्हणजे भांग किंवा अहिफेन म्हणजे अफू असते. ‘कामिनी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अफूयुक्त गोळ्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जप्त झालेल्या आहेत. पारा, शिसे आदी धातूंचा अंश असलेल्या रसौषधींबाबतही पाश्चात्त्य देशांच्या औषध यंत्रणांनी इशारे दिले आहेत. घटकांची इंग्रजी यादी छापलेली नसलेली पुडी, काढा अथवा वैद्यांनी बांधून दिलेली चूर्णे सोबत नेऊ नयेत.

मराठी स्वयंपाकघरातील खसखस हा असाच धोक्याचा जिन्नस आहे. ती अफूच्या झाडाचे बी असल्याने संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात तिला बंदी आहे. सिंगापूरमध्येही ती निर्बंधित आहे. दिवाळीत लेकीसाठी नेलेले खसखशीवर थापलेले अनारसे किंवा खसखस घातलेला घरचा मसालाही या बंदीतून सुटत नाही.

हातातील बॅग की चेक-इन सामान?

नियमित औषधे हातातील बॅगेत ठेवावीत. सामान हरवले वा उशिरा आले, तरी औषधाचा खंड पडू नये हा त्यामागील हेतू आहे. विमान रखडण्याची शक्यता धरून मर्यादेच्या आत काही दिवसांची अधिक औषधे घ्यावीत. हातातील सामानात द्रवपदार्थांसाठी असलेल्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून प्रवासात आवश्यक असलेल्या औषधांना सूट मिळते. त्यासाठी ती तपासणीच्या वेळी चिठ्ठीसह वेगळी दाखवावीत.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. विमानाच्या मालकक्षात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. त्यामुळे ते शीतपिशवीत घालून स्वतःजवळच ठेवावे. वैद्यकीय उपकरणांच्या अतिरिक्त लिथियम बॅटऱ्याही हातातील सामानातच नेणे बंधनकारक आहे.

दुसऱ्याचे पाकीट नकोच

शेजाऱ्याच्या मुलासाठी औषधाची बाटली किंवा ओळखीच्या गृहस्थांचे बंद पाकीट नेणे आपल्याकडे सौजन्याचा भाग मानला जातो. २०१९ मध्ये मुंबईतील एका दाम्पत्याला दोहा विमानतळावर अटक झाली, ती नातेवाइकाने सोपविलेल्या पाकिटात चरस सापडल्यामुळे. त्यांना १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. २०२१ मध्ये निर्दोष ठरून ते मायदेशी परतले, परंतु तोवर दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. औषधाच्या बाबतीत तर ज्याच्या नावे चिठ्ठी नाही, त्याच्या सामानात ते असण्याला कायद्याचा आधार राहत नाही.

परत येताना

परदेशातून औषधे आणतानाही नियम आहेत. भारताच्या औषध नियमावलीनुसार प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी, खऱ्याखुऱ्या वैयक्तिक सामानाचा भाग म्हणून, कोणत्याही एका औषधाच्या सरासरी १०० मात्रांपर्यंत आणता येतात. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी विचारल्यास ती घोषित करावी लागतात. त्याहून अधिक औषध हवे असल्यास विहित नमुन्यात अर्ज करून परवाना घ्यावा लागतो.

अडचण आल्यास

तपासणीत प्रश्न विचारला गेल्यास औषधे स्वतःहून दाखवावीत आणि पत्र पुढे करावे. घोषणेसाठी स्वतंत्र मार्गिका असेल तर तीच निवडावी. अटक झाल्यास आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या ३६ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. तो स्पष्ट शब्दांत मागावा आणि न समजणाऱ्या भाषेतील कागदावर स्वाक्षरी करू नये. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर कुटुंबीयांनाही तक्रार नोंदविता येते. वकिलात भेट व कायदेशीर साहाय्याची व्यवस्था करू शकते, परंतु त्या देशाच्या न्यायप्रक्रियेत हस्तक्षेप करू शकत नाही.

प्रवासापूर्वीचे वेळापत्रक

• सहा ते आठ आठवडे आधी : सर्व औषधांची जेनेरिक नावांसह यादी करावी. गंतव्य देश आणि मार्गातील प्रत्येक थांब्याचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावेत.
• चार ते सहा आठवडे आधी : डॉक्टरांची भेट घेऊन पत्र व नवी चिठ्ठी घ्यावी. निषिद्ध औषधाला पर्याय असल्यास तो प्रवासापूर्वीच सुरू करून सोसतो का, हे पाहावे. आवश्यक परवानग्यांसाठी अर्ज करावेत.
• दोन आठवडे आधी : पूर्ण पट्ट्यांत औषधे व बिले घ्यावीत, समाप्तीच्या तारखा तपासाव्यात. परवानगी हाती आली नसल्यास पाठपुरावा करावा.
• निघण्याच्या दिवशी : मूळ कागदपत्रे औषधांसोबत, एक प्रत दुसऱ्या बॅगेत आणि एक प्रत भ्रमणध्वनीत ठेवावी. घरच्यांकडेही एक संच असावा.

हे नियम वेळोवेळी बदलत असतात. गेल्या वर्षी नातेवाइकाला अडचण आली नाही, हा यंदाच्या प्रवासाचा आधार होऊ शकत नाही. प्रत्येक प्रवासापूर्वी संबंधित देशाच्या अधिकृत यंत्रणेकडून लेखी खातरजमा करून घेणे आणि नियंत्रित औषधाबाबत परवानगी हाती पडल्यावरच प्रस्थान करणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. औषध अचानक बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे. झोपेच्या, चिंतेच्या आणि अपस्मारावरील गोळ्या एकाएकी थांबविल्यास प्रकृतीला गंभीर धोका संभवतो. त्यामुळे कोणताही बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.